उरलेल्या लोकरीची कानटोपी: गुंडे निवडण्यापासून गोंड्यापर्यंत

ग्वाल्हेरला डिसेंबरअखेरपासून पहाटेचा पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो आणि धुकं कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही. मग एकदा का ऊन पडलं की डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबावी लागते. त्यामुळे इथे फार जाड, डोंगराळ मुलखातली टोपी कामाची नाही. मध्यम जाडीच्या लोकरीची, कान पूर्ण झाकणारी आणि घडी घालून खिशात मावणारी कानटोपी हवी. घरातल्या पिशवीत स्वेटरांची उरलेली लोकर असतेच, आणि रंगीत पट्ट्यांची अशी टोपी विणायला ती पुरते. मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागते. हाताशी ७० ग्रॅम ठेवावी.

विणायला सुरुवात करणाऱ्याला ही टोपी सोपी वाटते, आणि विणकाम खरोखरच सोपं आहे: सुलट टाका, उलट टाका आणि दोन टाके एकत्र विणणं, एवढंच. टोपी बिघडते ती बहुतेक वेळा त्याआधी, गुंडे निवडताना. एक पट्टा सैल, दुसरा घट्ट, तिसरा धुतल्यावर आकसलेला, चौथ्याची लोकर तीन बोटं पट्टा उरला असताना संपलेली. म्हणून पहिली संध्याकाळ सुया बाजूला ठेवून फक्त गुंड्यांना द्या.

गुंडे निवडणं

सगळी लोकर चादरीवर पसरा आणि आधी जाडीनुसार वेगळी करा, रंग नंतर. एका पट्टीवर (शाळेची फूटपट्टी चालते) लोकर शेजारी-शेजारी गुंडाळा, न ताणता आणि एकावर एक न चढवता. अडीच सेंटीमीटरात ११ ते १४ वेढे बसले तर ती या टोपीसाठी योग्य मध्यम जाडीची. १५ ते १८ बसले तर बारीक. अशा दोन धाग्यांना एकत्र धरून विणलं की साधारण मध्यम जाडी मिळते, आणि दोन वेगळ्या रंगांचे बारीक धागे एकत्र धरले तर ठिपक्यांसारखी छान मिसळ दिसते. नऊ-दहाच वेढे बसणारी जाड लोकर या टोपीत घालू नका. एक जाड पट्टा बाकीच्या पट्ट्यांना बाहेर ढकलतो आणि टोपीला मध्येच फुगा येतो.

मग धाग्याचा प्रकार. जुन्या गुंड्याची चिठ्ठी कधीच हरवलेली असते, तेव्हा जाळून पाहायचं. पाच सेंटीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा, खिडकी उघडी ठेवून. खरी लोकर सावकाश जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळतं, काळा धूर सोडतं आणि मागे काळा, टणक मणी उरतो. थंड झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. दोन्ही मिसळलेला धागा दोन्ही लक्षणं दाखवतो.

हे पाहायचं कारण धुलाईत आहे. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि तंतू गुंतून नमद्यासारखी घट्ट, जाड होते. अॅक्रिलिक आटत नाही, पण इस्त्री लागली की लुळं पडतं आणि पुन्हा कधी उभारी धरत नाही. दोन्हींचे पट्टे एकाच टोपीत असतील तर पहिल्याच निष्काळजी धुलाईनंतर टोपीला चुण्या पडतात. नवख्यांनी एक टोपी एकाच प्रकारच्या धाग्याची करावी असं आमचं ठाम मत आहे. घरात बहुधा अॅक्रिलिकच जास्त निघतं, आणि पहिल्या टोपीला ते उत्तम. ते टोचत नाही, धुवायला सोपं असतं आणि चुकलं तर उसवून पुन्हा विणता येतं.

खरी लोकर निघाली तर कसर लागली आहे का ते पाहा. धागा हातभर अंतराने हलकेच ताणा. जागोजागी तुटत असेल तर तो गुंडा टोपीत नको. पिशवीतल्या बाकीच्या लोकरीपासूनही त्याला दूर ठेवा.

रंग उतरतो का, तेही आत्ताच. गडद लाल, राणी आणि निळ्या रंगाचे टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात पाच मिनिटं दाबून ठेवा. रुमालावर डाग आला तर तो रंग पांढऱ्याशेजारी लावू नका. तशाच गडद रंगांच्या संगतीत ठेवा.

जुना स्वेटर उसवत असाल तर

सगळे स्वेटर उसवता येत नाहीत. कडेची शिवण उलटून पाहा. दोन कडा नुसत्या साखळीसारख्या टाक्यांनी जोडल्या असतील तर शिवण सोडवून आख्खा धागा मिळतो. कडांवर ओव्हरलॉक (कापलेली कड गुंफणारी मशीनची शिवण) असेल तर ते कापड कापून शिवलेलं आहे; उसवल्यावर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येईल. अशा स्वेटरची पिशवी शिवा, लोकर काढायचा नाद सोडा.

हाताने विणलेला भाग जिथे संपवला होता तिथूनच, म्हणजे बहुधा गळ्याकडून, उसवतो. खालच्या बॉर्डरकडून ओढलं तर गाठी बसत जातात. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात लिक्विड सोपचे दोन-चार थेंब टाकून अर्धा तास भिजवा आणि न पिळता सावलीत टांगा. खऱ्या लोकरीच्या कुरळ्या वळ्या बऱ्याच जातात, अॅक्रिलिकच्या थोड्या राहतात. वळ्यांसकट विणलेली लोकर टाके असमान दाखवते आणि धुतल्यावर मापही बदलते, म्हणून ही पायरी टाळू नये.

कोणता गुंडा किती पुरेल

साध्या विणीत (पुढून सुलट, मागून उलट) एका ओळीला विणीच्या रुंदीच्या तिप्पट ते साडेतीनपट धागा जातो. शिवण्याआधी टोपी सुमारे ५१ सेंटीमीटर रुंद, म्हणजे एका ओळीला पावणेदोन मीटर आणि दोन ओळींना साडेतीन मीटर धरा. वजनात हे पावणेदोन ते दोन ग्रॅम. छोट्या गुंड्यांसाठी वजनकाट्यावर विसंबू नका, कारण स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने उडी मारतो. पाच-सहा मीटरची लोकर असेल तर टेपने मोजा.

विणताना शंका आली तर एक खात्रीचा उपाय आहे. उरलेला धागा दुमडून बरोबर मध्यावर सैल गाठ मारा आणि एक ओळ विणा. ओळ संपली आणि गाठ अजून आली नाही, तर आणखी एक ओळ नक्की होईल. गाठ आधी आली तर ती ओळ संपवून रंग बदलायचा. ओळीच्या मध्यावर धागा संपणं ही या कामातली सर्वात चिडचिड करणारी गोष्ट आहे, आणि ती पूर्ण टळते.

आता एक मूळ रंग ठरवा. बॉर्डर, अधले पट्टे आणि माथा एकाच रंगाचा ठेवला की बाकीचे रंग कितीही भिन्न असले तरी टोपी ठरवून केलेली दिसते. त्यासाठी ४० ग्रॅमचा गुंडा हवा. माथा दुसऱ्या रंगाचा केला तर २८-३० ग्रॅमवर भागतं. घरात एवढा एक रंग नसेल तर राखाडी, काळा किंवा मरून रंगाचा एक नवा गुंडा विकत आणा. त्यात कमीपणा काहीच नाही. महाराज बाड्याजवळ, टोपी बाजाराच्या बाजूला बाजारहाट करायला जाल तेव्हा उरलेल्या लोकरीचा तुकडा सोबत न्या, म्हणजे जाडी दुकानातच ताडून घेता येते. १९०५ पासून भरत आलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यातही गरम कपड्यांची दुकानं लागतात, पण मेळ्याची वाट पाहत बसलात तर अर्धी थंडी निघून जाईल. दिवाळीनंतर लगेच सुरुवात करावी.

रंगांची ओळ लावून मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. शेजारचे दोन रंग सारखेच करडे दिसले तर टोपीत ते एकमेकांत हरवतील. त्यांच्यामध्ये फिका किंवा गडद पट्टा टाका.

सुया, माप आणि नमुना

दोन जोड्या लागतील: बॉर्डरसाठी १० नंबर (३.२५ मिलिमीटर) आणि वरच्या विणीसाठी ८ नंबर (४ मिलिमीटर). आपल्याकडच्या नंबरात आकडा मोठा तशी सुई बारीक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानात ‘दस नंबर की सलाई’ मागितली की लगेच मिळते. परदेशी नमुन्यातले नंबर वेगळे असतात, म्हणून मिलिमीटरचं माप पाहून घ्यावं. शिवाय बोथट टोकाची मोठी सुई, मोजपट्टी आणि गळलेला टाका उचलायला क्रोशाची सुई. आम्ही इथे दोन सरळ सुयांवरची, मागे शिवण असलेली टोपी सांगतो आहोत, कारण त्या घरोघरी असतात आणि गोल सुयांवर वीण पिळून जाण्याचा धोका नवख्याला नको.

नमुना विणल्याशिवाय टाके घालू नका. ८ नंबरच्या सुयांवर ३० टाके घाला आणि निवडलेल्या प्रत्येक गुंड्याच्या सहा-सहा ओळी एकामागून एक विणा: पुढून सुलट, मागून उलट. ही पट्टी सपाट ठेवून पाहा. कुठे कंबर पडली असेल तर तो गुंडा बारीक आहे, कुठे पोट सुटलं असेल तर जाड. असा गुंडा बाद करा, किंवा बारीक असेल तर त्याला जोडीला दुसरा धागा द्या. मग मूळ रंगाच्या भागात, कडेचे टाके सोडून, १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. पुढचा हिशेब २२ टाके आणि ३० ओळींचा आहे. नमुना नंतर उसवून तीच लोकर वापरता येते.

डोक्याचा घेर भुवयांच्या वरून आणि कानांच्या वरच्या टोकाजवळून घ्या. टोपी त्याहून पाच सेंटीमीटर लहान विणायची, कारण वीण ताणली जाते. घेराइतकीच विणलेली टोपी आठवड्याभरात डोळ्यांवर उतरते. ५५-५६ सेंटीमीटरच्या डोक्याला ११४ टाके: ११२ टोपीचे आणि कडेचा एक-एक शिवणीत जाणारा. ५२-५३ साठी १०६. दोन ते चार वर्षांच्या मुलाला ९८. तुमचे टाके २२ न येता २० आले तर मोठ्या डोक्याला १०६ घ्या, २४ आले तर १२२. कोणत्याही मापात दोन टाके वजा करून उरलेली संख्या आठने भागली गेली पाहिजे, कारण माथा आठ भागांत बंद होतो.

बॉर्डर आणि पट्टे

टाके दुहेरी धाग्याने घाला, म्हणजे सुरुवातीचं शेपूट आणि गुंड्याकडचा धागा मिळून. शेपटाला एका टाक्याला दीड सेंटीमीटर धरा. ११४ टाक्यांना दोन मीटर सोडावं. टाके १० नंबरच्या दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला आणि पहिली ओळ विणण्याआधी एक सुई काढून घ्या. एका सुईवर घट्ट घातलेली कड पुढे कितीही सैल विणलं तरी ताणली जात नाही आणि कपाळावर लाल वळ उठतो. कड घट्ट झाली तर त्यावर उपाय नाही, उसवावंच लागतं. म्हणून पहिल्या दोन ओळींनंतर ती ताणून डोक्याभोवती धरून पाहा.

आता एक सुलट, एक उलट, ओळीच्या शेवटपर्यंत. टाके सम आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते आणि उलट टाक्यावर संपते. अशा १६ ओळी केल्या की पाच सेंटीमीटर बॉर्डर होते. कान दुपदरी झाकायचे असतील तर बॉर्डर १० सेंटीमीटर विणून दुमडा; मूळ रंगाची दहा-पंधरा ग्रॅम लोकर जास्त लागेल.

याच भागात नवख्यांचे टाके वाढतात. सुलटावरून उलटाकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो सुईवरून फिरवला तर सुईवर एक खोटा वेढा बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. दुसरी जागा ओळीच्या सुरुवातीची: धागा सुईवरून मागे ओढला गेला तर पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके होतात. ओळ सुरू करताना धागा आधी सुईखाली ओढून घ्यावा. दर चार ओळींनी टाके मोजा. ११६ निघाले आणि चूक सापडली नाही, तर तेवढ्याच ओळी उसवायच्या आहेत.

बॉर्डरनंतर ८ नंबरच्या सुया. ३० ओळी साध्या विणीत: मूळ रंग ४, पहिला रंग २, मूळ २, दुसरा ४, मूळ २, तिसरा ६, मूळ २, चौथा ४, मूळ ४. आकडे बदला, पण प्रत्येक पट्टा सम ओळींचा ठेवा, म्हणजे रंग नेहमी एकाच कडेला बदलतो आणि धाग्याची टोकं शिवणीत लपतात. बॉर्डरमध्येही पट्टे हवे असतील तर नव्या रंगाची पहिली ओळ पुढच्या बाजूने पूर्ण सुलट विणा, मग पुन्हा एक सुलट एक उलट. तसं न केल्यास उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके उमटतात.

नवा धागा लावताना १५ सेंटीमीटर टोक सोडा. कडेला गाठ मारू नका. सैल एक वेढा पुरे, नंतर तो सोडवून टोक ओवता येतं. दोन किंवा चार ओळींनंतर परत येणारा मूळ रंग तोडू नका. तो कडेने वर न्या आणि दर दोन ओळींनी चालू धाग्याशी एक पीळ द्या. तो ओढून धरलात तर ती कड आखडते आणि शिवण तिरकी जाते. सहा ओळींहून लांब अंतर असेल तर तोडणंच बरं. खऱ्या लोकरीचे दोन तुकडे मध्येच जोडायचे झाले तर दोन्ही टोकांचे पदर सोडवा, सात-आठ सेंटीमीटर एकमेकांवर ठेवा आणि ओलसर करून तळव्यांत जोरात चोळा. ते एकजीव होतात. अॅक्रिलिकवर हे कधीच होत नाही.

काम थांबवायचं ते ओळ संपवूनच. अर्ध्यावर ठेवलेल्या सुया उलट दिशेने उचलल्या जातात आणि मध्येच दोन ओळी जास्त होऊन भोक पडतं.

माथा बंद करणं

सुरुवातीपासूनची उंची १५ सेंटीमीटर झाली (लहान मुलाला साडेबारा) की टाके कमी करायला लागा. बॉर्डर दुमडणार असाल तर २० सेंटीमीटरनंतर. पुढची बाजू समोर असावी. ११४ टाक्यांचा हिशेब असा: १ सुलट, मग (१२ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, शेवटी १ सुलट. १०६ टाके राहतात. मागची ओळ पूर्ण उलट. पुढच्या सुलट ओळीत कंसात १२ ऐवजी ११, मग १०, असं दर सुलट ओळीला एक-एक कमी करत ५ पर्यंत या. प्रत्येक वेळी आठ टाके घटतात: ९८, ९०, ८२, ७४, ६६, ५८, ५०. हे आकडे कागदावर लिहून खोडत जा. माथ्यावरची रेष वाकडी गेली तर तिचं कारण बहुधा विसरलेली एक जोडी असते.

५० टाक्यांवर एक उलट ओळ, मग १ सुलट, दोन-दोन एकत्र २४ वेळा, १ सुलट: २६. एक उलट ओळ. मग सगळेच दोन-दोन एकत्र: १३. लहान मापांत कंसातला आकडा कमीपासून सुरू होतो (१०६ ला ११, ९८ ला १०), पण सगळी मापं शेवटी याच ५० वर येतात.

टाके बंद करू नका. ६० सेंटीमीटर धागा सोडून तोडा, बोथट सुईत ओवा, तेराही टाक्यांतून दोनदा फिरवा आणि मग सुई काढून ओढा. एकदाच फिरवलेला धागा धुलाईत सैल होतो आणि माथ्याला भोक पडतं. त्याच धाग्याने पुढच्या बाजूने शिवण घाला: एका कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधली आडवी दोरी उचला, मग समोरच्या कडेची, दर दोन सेंटीमीटरला धागा ओढून घ्या. पट्टे जुळत आहेत ना, ते प्रत्येक रंगाला तपासा. दोन्ही कडांचा एक-एक टाका आत गेला की बॉर्डरचं सुलट-उलटही अखंड दिसतं. दुमडायच्या बॉर्डरचा खालचा अर्धा भाग मात्र आतल्या बाजूने शिवा, नाहीतर दुमडल्यावर शिवण बाहेर येईल.

सुटी टोकं आपापल्या रंगाच्या पट्ट्यात आतून पाच-सहा सेंटीमीटर तिरकी ओवा आणि परत उलट दिशेने दोन सेंटीमीटर. घाईत जवळ कापलेली टोकं पहिल्या आठवड्यातच बाहेर डोकावतात.

गोंडा लावायचा असेल तर पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर सगळे उरलेले रंग गुंडाळा. सात सेंटीमीटरच्या गोंड्याला १५ ते २० ग्रॅम जातात. स्कूटरवर हेल्मेटखाली घालायच्या टोपीला गोंडा नको, आणि तान्ह्या बाळाच्या टोपीलाही नको, कारण सुटलेले धागे तोंडात जातात. बाळाची टोपी झोपवताना काढून ठेवावी.

पहिली धुलाई घालण्याआधीच करा: थंड पाणी, सौम्य साबण, चोळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि डोक्याच्या घेराहून थोड्या लहान, उपड्या पातेल्यावर सावलीत वाळवा. दोरीवर चिमटे लावून टांगली तर ओल्या लोकरीच्या वजनाने ती लांबते. वापरलेल्या प्रत्येक रंगाचा मीटरभर धागा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून, त्यावर सुईचा नंबर आणि टाक्यांची संख्या लिहून ठेवा. होळीनंतर टोपी धुऊन, पूर्ण वाळवून, त्याच पुठ्ठ्यासकट बंद पिशवीत घाला. खरी लोकर असेल तर कापडात बांधलेल्या दोन डांबरगोळ्या सोबत.